पिकअपला पुढे सॉलिड अ‍ॅक्सल बसवायचाय, आपल्याकडं कोणी केलंय का?

सड्यावरचा_राजापूर
नमस्कार मंडळी. माझ्याकडं २०१८ ची डबल कॅब डिझेल पिकअप आहे, फोर बाय फोर, सस्पेन्शनला पुढे डबल विशबोन नि कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). आमची कलमं राजापूरच्या वर सड्यावर आहेत. डांबरी सुटली की बागेपर्यंत अडीच किलोमीटर कच्ची वाट, सुरुवातीला ठीक आहे पण पुढे उघडा कातळ, जांभ्याचे धोंडे, आणि मध्ये एक पऱ्या (ओढा) उतरून परत चढायचा. एप्रिल-मेमध्ये दिवसाला दोन-तीन खेपा होतात, खेपेला तीसेक क्रेट आंबा.

गेल्या दोन वर्षांत पुढच्या डाव्या बाजूचा सीव्ही बूट (चाकाकडं जाणाऱ्या शाफ्टच्या सांध्यावरचं रबरी आवरण) चारदा फाटला. बूट फाटला की लाल धूळ आत जाते आणि आठवड्यात वळताना कटकट सुरू, मग अख्खा शाफ्ट बदला. मागच्या मे महिन्यात ऐन तोडणीत गाडी पाच दिवस उभी होती, माल दुसऱ्याच्या टेम्पोनं काढला, डोक्यावरून पाऊस येत होता आणि काढलेला आंबा मांगरात (बागेतल्या शेडमध्ये) पडून होता, ते परत नकोय मला.

आमचा फिटर म्हणतो पुढची सगळी आयएफएस (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारं सस्पेन्शन) काढून टाक, जुन्या एमएम ५४० जीपचा पुढचा सॉलिड (दोन्ही चाकं एकाच अखंड नळीला जोडणारा) अ‍ॅक्सल पाट्यांवर बसवू, आयुष्यभर बघायला नको. बाबांकडं एमएमच होती, ह्याच वाटेवर वीस वर्षं चालली, सीव्ही बूट हा शब्द आमच्या घरात कोणाला माहीत नव्हता. भंगारवाल्याकडं एक अ‍ॅक्सल बघून ठेवलाय, हाउसिंग चांगलं वाटतंय.

तर कोणी केलंय का हे काम? किती दिवस, किती खर्च, कुडाळला होईल की कोल्हापूरला उद्यमनगरात न्यावी लागेल? आणि पासिंगचं काय होतं?

जुनी_जीप_कुडाळ
बाबा रे, खराच सांगतंय, घाई करू नको. मी केलंय हे काम, माझ्या जुन्या टॉर्शन बारवाल्या पिकअपवर, आणि ती गाडी आता रस्त्यावर येत नाही, आमच्याच जागेत फिरते. फिटर "दोन आठवडे" म्हणाला होता, सात महिने लागले. त्याला दोष देत नाही, कामच तसं आहे, एक गोष्ट सोडवली की तिच्यामागून दुसरी निघते.

पहिल्यांदा स्टिअरिंग. तुझ्या गाडीला रॅक आहे. रॅक चासीला बांधलेली असते आणि सॉलिड अ‍ॅक्सल तर अख्खा वरखाली होतो, म्हणजे रॅक गेली, तिथे स्टिअरिंग बॉक्स पाहिजे, पिटमन आर्म, ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा), टाय रॉड सगळं नवीन. बॉक्स चासीला जिथे बांधशील तिथे आतून पट्टी देऊन चासी जाड करावी लागते, नाहीतर तिथेच चीर जाते, माझी गेली होती, आणि ती मला दिसली ती केवळ गाडी धुताना. चासी डब्यासारखी आतून पोकळ असेल तर बोल्ट नुसते आरपार घालून आवळू नकोस, आत नळीचा तुकडा वेल्ड करून त्यातून बोल्ट घाल, नाहीतर आवळशील तसा डबा चेपत जातो आणि बोल्ट कायम सैल.

ड्रॅग लिंक शक्य तितकी आडवी हवी. गाडी उंच केली आणि ती तिरकी झाली की खड्ड्यात चाक वर गेलं की स्टिअरिंग आपोआप ओढतं. पाट्यांऐवजी कॉइल घातलेस तर पॅनहार्ड रॉड (आडवं सरकणं रोखणारा दांडा) पण लागतो, आणि तो नि ड्रॅग लिंक एकमेकांना समांतर आणि साधारण सारख्या लांबीचे पाहिजेत.

दुसरं म्हणजे रेशो. पुढच्या नि मागच्या डिफ्रन्शियलचा (दोन्ही चाकांना जोर वाटणाऱ्या गिअरच्या गोळ्याचा) रेशो एकच हवा. एमएमचे अ‍ॅक्सल वेगवेगळ्या रेशोचे मिळतात, भंगारवाल्याच्या शब्दावर जाऊ नको. हाउसिंग उघडून दात मोज, क्राउनचे (मोठ्या गिअरचे) ४३ आणि पिनियनचे (छोट्या गिअरचे) ८ असतील तर ५.३८ झाला. उघडायचं नसेल तर एक चाक घट्ट धरून दुसरं बरोबर दोन फेरे फिरव आणि पिनियनचा फ्लँज किती फिरला ते खडूची खूण करून मोज, जेवढे फेरे तेवढा रेशो. हेच तुझ्या गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलला कर, तिथे प्रॉपेलर शाफ्टवर खूण कर आणि गिअर न्यूट्रलला ठेव. दोन्ही जुळले नाहीत तर फोर बाय फोर लावून कातळावर चढताना पुढची नि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा गिअरबॉक्स) जातो.

तिसरं, डिफ्रन्शियलचा गोळा कुठल्या बाजूला आहे आणि तुझ्या ट्रान्सफर केसमधून पुढचा शाफ्ट कुठल्या बाजूनं निघतो, हे गाडीखाली झोपून बघ. बाजू जुळत नसेल तर पुढचं सगळं बोलणं बंद.

रुंदी पण मोज. एमएमचा अ‍ॅक्सल तुझ्या गाडीपुढे खूप अरुंद आहे. जिप्सीचा सुद्धा चालणार नाही, जिप्सीचा ट्रॅकच (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १३०० मिमीच्या आसपास आणि ती गाडी टनभराची, तुझी दोन टनाच्या जवळ, त्यात आंबा.

सड्यावरचा_राजापूर
काका, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. टेपनं मोजलं, भंगारातला अ‍ॅक्सल माझ्या ट्रॅकपेक्षा पाव मीटरच्या वर कमी आहे. फिटर म्हणतो स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या) टाकू. चाकाला पण माझ्याकडं सहा बोल्ट, त्याला पाच.

जुनी_जीप_कुडाळ
दोन्ही बाजूंना एवढे जाड स्पेसर टाकलेस तर बेअरिंगवर लिव्हरसारखा जोर येतो, भरलेल्या गाडीत कातळावर ते टिकत नाहीत. नको करू. आणि इंजिनाच्या सम्पचं (खालच्या तेलाच्या भांड्याचं) विसरलोच. तुझ्या गाडीचा गोळा चासीला टांगलेला आहे, तो वर येत नाही, म्हणून कंपनीनं सम्प खाली आणलेला असतो. सॉलिड अ‍ॅक्सलची नळी चाकाबरोबर वर येते, मग एकतर गाडी चारेक इंच उचल किंवा बंप स्टॉप (चाक वर येणं थांबवणारा रबर) इतका खाली लाव की पाट्यांना हालायलाच जागा नाही. मी उचलली. त्यानंतर उतारावर आडव्या वाटेनं जाताना छातीत धस्स होतं, हे आमच्या घरातल्यांना विचार.

पण एक सांगतो, चालू झाल्यावर कातळावर ती गाडी चालते ना, बघत राहावं. एक चाक धोंड्यावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं, जमीन सोडत नाही, आणि गोळ्याखालची उंची कायम तेवढीच राहते. आयएफएसला चाक दाबलं की पोट खाली येतं. त्यासाठीच लोक वेडे होतात ह्या कामामागे. टोयोटाच्या हायलक्सचंच बघ, अमेरिकेत फोर बाय फोरला १९८५ पर्यंत पुढे सॉलिड अ‍ॅक्सल होता, १९८६ पासून टॉर्शन बारवाली आयएफएस आली आणि तिथे लोक नवीन गाडीखाली जुना अ‍ॅक्सल घालायला लागले. त्यांना निदान त्याच कंपनीचा, वजनाला पेलणारा अ‍ॅक्सल मिळत होता. आपल्याला तेच अवघड आहे.

वाटाड्या_चिपळूण
पासिंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीनं जे बनवलंय त्याच्याशी मेळ राहणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२अ आलं, त्यात मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अ‍ॅक्सल, स्टिअरिंग, ब्रेक हे रंग बदलल्यासारखं नाही.

दंडाचं सोडा, मला भीती विम्याची वाटते. तुमची गाडी हायवेवर येते, मुंबई-गोवा रस्त्यावर आंबा घेऊन धावते. उद्या अपघात झाला, समोरच्याला लागलं, सर्व्हेअरनं खाली वाकून स्टिअरिंग बॉक्स बघितला तर क्लेम अडकतो आणि समोरच्या माणसाची भरपाई तुमच्या अंगावर येऊ शकते. त्यात एबीएस पण जाणार, कारण चाकाचे सेन्सर त्या जुन्या नकलवर (चाक वळवणाऱ्या सांध्यावर) बसतच नाहीत, आणि मास्टर सिलिंडर तुमच्या डिस्कच्या हिशेबाचा आहे, जुन्या ड्रमला तो जुळत नाही. जुनी जीप काकांनी गाडी स्वतःच्या जागेतच ठेवलीय हे त्यांनी योग्य केलंय. तुमच्या गाडीचं तसं नाही.

लेथवाला_मिरजोळे
सगळं वाचलं. अ‍ॅक्सलचा विषय बाजूला ठेवून एक विचारतो, गाडी उचललीय का तुम्ही? आणि बूट नेहमी डावाच का फाटतो?

सड्यावरचा_राजापूर
हो, तीन वर्षांपूर्वी थोडी उचलली, फार नाही. पुढे शॉकच्या वरच्या टोकाला दीड इंचाचा स्पेसर आहे आणि मागे ब्लॉक (उंचीसाठी ठोकळा). डावाच का ते खरंच विचार केला नव्हता.

लेथवाला_मिरजोळे
बरं, मग हे नीट वाचा. शॉक खालच्या आर्मवर चाकाजवळ नसतो, आतल्या बाजूला असतो. म्हणून वर दीड इंचाचा स्पेसर टाकला की चाकाशी उंची दीड इंच वाढत नाही, साधारण दुप्पट वाढते. तुमची गाडी तीन इंचाच्या आसपास उचललेली असणार. आणि नुसती उभी असताना नाही, चाक लोंबकळतं तेव्हाही ते तेवढंच जास्त खाली जातं, कारण चाकाला खाली थांबवणारा शॉकच स्पेसरमुळे खाली सरकलाय. म्हणजे शाफ्टचा कोन कंपनीनं धरला होता त्याच्या पलीकडे जातो, बुटाच्या घड्या एकमेकांवर घासतात आणि तिथेच फाटतो. त्या कोनात फोर बाय फोर लावून पाय दिलात की जॉइंट पण जातो.

आता पऱ्याचा उतार आठवा, कुठलं चाक खड्ड्यात लोंबतं?

जॅकवर घेऊन पुढची दोन्ही चाकं पूर्ण लोंबू द्या आणि शाफ्टचा फोटो काढून इथे टाका. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा आणि तुमच्याच मॉडेलची न उचललेली गाडी कोणाकडं असेल तिच्याशी ताडून बघा.

सड्यावरचा_राजापूर
डावंच. पऱ्यात उतरताना उजवीकडं कातळ आहे आणि डावीकडं पाण्यानं खणलेली घळ. रोज भरल्या गाडीनं डावं चाक तिथे लोंबतं आणि तिथेच मी पाय देतो, वर चढायचं असतं म्हणून. तीन वर्षं हेच करतोय. मोजून सांगतो.

सड्यावरचा_राजापूर
मोजलं. गावातल्या एकाकडं तीच गाडी आहे, कंपनीतून आली तशी. माझी पुढून ७१ मिमी उंच. आणि चाक लोंबल्यावर बुटाच्या वरच्या बाजूच्या घड्या ताणून सपाट झालेल्या, खालच्या एकमेकांत दाबलेल्या, अगदी फाटतो त्याच जागी. लेथवाले दादा, मनापासून आभार. चार बूट, दोन शाफ्ट आणि अख्खा एक हंगाम गेला ह्याच्यात.

लेथवाला_मिरजोळे
स्पेसर काढा, नाहीतर फार तर अर्ध्या इंचाचा ठेवा. मागचा ब्लॉक पण काढा म्हणजे गाडी पुढे झुकणार नाही. नवीन बूट ओरिजिनल घ्या, चिमट्यानं आवळायच्या पट्ट्या नीट बसवा, वायरनं बांधू देऊ नका. खाली तीन-चार मिमीची स्किड प्लेट (पोट घासू नये म्हणून जाड पत्रा) करून देतो, उंची गेली त्याची भीती वाटत असेल तर. पैसे शिल्लक राहिले तर मागच्या डिफ्रन्शियलला लॉकर बसवा. तुमच्या वाटेवर गाडी अडते ती चाक हवेत फिरतं म्हणून, आणि लॉकर लागला की जमिनीवरचं चाक गाडी ओढतं, मग लोंबणाऱ्या पुढच्या चाकाला एवढा पाय द्यावाच लागत नाही.

जुनी_जीप_कुडाळ
लेथवाल्यांचं बरोबर आहे, मी अ‍ॅक्सलच्या नादात हे विचारलंच नाही. टायरच्या हवेचं सांगतो, रिकामी गाडी वर जाताना २०-२२ पीएसआयवर आण, कातळावर टायर धरतो आणि चासीला धक्के कमी बसतात. भरून खाली येताना मागच्या टायरची हवा पूर्ण भर, कमी हवेवर वजन घेऊन जांभ्याची धार लागली की बाजूची भिंत कापते. छोटा कॉम्प्रेसर गाडीतच ठेव.

आणि तुला सॉलिड अ‍ॅक्सलचीच हौस असेल तर जुनी एमएम बघ, पुढचा अ‍ॅक्सल कंपनीचाच, कागद साफ, बागेत तीच चालव.

सड्यावरचा_राजापूर
तीन आठवड्यांनी लिहितोय. स्पेसर नि ब्लॉक काढले, बूट बदलला, स्किड प्लेट मिरजोळ्यात करून घेतली. पऱ्यातून चौदा खेपा झाल्या, अजून कटकट नाही, बूट रोज हात फिरवून बघतो. गाडी दोन ठिकाणी खाली घासते, प्लेटवर ओरखडे आहेत. लॉकर गणपतीनंतर. फिटरला सांगितलं सगळं, तो पण येऊन खाली झोपून बघून गेला, आणि भंगारवाल्याला अ‍ॅक्सल नको म्हणून कळवलं.

पावसाआधी पऱ्याची डावी घळ चिरे लावून भरून घेतोय. आमच्या बाजूला खाणीवर फुटके चिरे कोणाकडं असतील तर सांगा, दोन गाड्या लागतील.