प्रतिसाद: होड्यांपेक्षा काठ सांभाळा

सिंधुदुर्गातल्या धामापूरच्या तलावात नौकाविहार वाढला तर पिण्याच्या पाण्याला खरंच धोका आहे का, असं वर विचारलंय. आहे! पण नुसत्या होड्यांकडे बघू नका. आपला जांभा दगड सच्छिद्र. काठावर खानावळ आली, तिच्या शौचालयाचा शोषखड्डा पावसात तुडुंब भरला, की ते पाणी धड न गाळताच तलावाकडे झिरपणार. पाण्यात टाकतात ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जंतू मारते, बोटीचं डिझेल काढत नाही.

ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे (गावाच्या पाण्याच्या शुद्धतेवर लक्ष ठेवणारा) पाणीस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणाचं कार्ड मागा: लाल (जास्त धोका), पिवळं (मध्यम) की हिरवं (कमी)? पावसाळ्यापूर्वीचं आणि नंतरचं, दोन्ही बघा. 1530 सालचा तलाव, 2020 मध्ये जागतिक वारसा सिंचन रचना ठरलेला. मला तरी तिथे वल्ह्या-पॅडलच्या होड्यांपलीकडे काही नको. पुढच्या ग्रामसभेत शोषखड्ड्यांचा विषय घ्यायला लावा.