नट काढूनही पुढचे डावे चाक हबवरून निघत नाही: मदत हवी आहे

आमची गाडी चार नटांची छोटी पेट्रोल हॅचबॅक असून तिला मूळच्या लोखंडी चाकांऐवजी बाजारातून घेतलेली अलॉय चाके बसवलेली आहेत. गाडी असते कोल्हापुरात. मात्र गगनबावडामार्गे कोकणात तिचे सतत जाणे-येणे होत असल्याने घाटातला पाऊस, चिखल आणि किनाऱ्यावरची खारी हवा या सगळ्यांचा मारा तिच्यावर होत असतो. ब्रेक लावताना पुढच्या डाव्या बाजूने खरखर ऐकू येऊ लागली, म्हणून पॅड पाहण्यासाठी ते चाक काढायला घेतले. चारही नट विनासायास सुटले, चाक मात्र तसूभरही हलले नाही. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावून टायरला लाथा मारून पाहिल्या, रबरी हातोडाही वापरला. उपयोग झाला नाही.

मधली टोपी काढल्यावर जे दिसले ते असे. हबचा (चाक ज्यावर बसते त्या फिरत्या भागाचा) गोल उंचवटा चाकाच्या मधल्या भोकातून जेथे बाहेर डोकावतो, तेथे तांबूस गंजाचे कडे आहे आणि त्याला लागूनच चुन्यासारखी पांढरी भुकटी घट्ट बसली आहे. चारही स्टड (नट ज्यांवर बसतात ते आट्यांचे दांडे) मात्र स्वच्छ असून त्यांच्याभोवती भोकात मोकळी जागा दिसते. म्हणजे पकड मध्यभागी असावी, असा माझा तर्क आहे.

एका गॅरेजमध्ये विचारले असता, मधला मोठा नट सोडून चाक हब-बेअरिंगसकट ओढून काढावे लागेल आणि बेअरिंग नवे घालावे लागेल, असे सांगण्यात आले. मला हे पटलेले नाही. चाक जर चार नटांनीच धरलेले असते, तर मधल्या नटाचा येथे संबंध काय? तो नट नेमके काय धरून ठेवतो आणि त्याला हात न लावता चाक कसे सोडवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपला तर्क बरोबर आहे. मधला नट ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा आहे. तो शाफ्टला हबशी बांधतो आणि बेअरिंगवर योग्य दाब ठेवतो. चाक काढण्यासाठी तो सोडायचा नसतो, आणि तो ढिला असताना गाडी चाकांवर उतरवली तर चांगले बेअरिंगसुद्धा खराब होऊ शकते.

हब लोखंडी आणि चाक ॲल्युमिनियमचे. मध्ये ओल व मीठ गेले की ॲल्युमिनियम झिजून ती पांढरी भुकटी तयार होते. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा व्यापते, त्यामुळे भोक जणू आवळले जाते. गंज सोडवणारा स्प्रे त्या कड्यावर मारून रात्रभर मुरू द्यावा, परंतु डिस्कवर व पॅडवर त्याचा थेंबही पडू देऊ नये. नंतर चारही नट बसवून हाताने आवळावेत आणि प्रत्येक नट जेमतेम एक फेरा मागे घ्यावा. गाडी जमिनीवर उतरवून मोकळ्या सपाट जागेत अगदी सावकाश चार-पाच फूट पुढे-मागे न्यावी व हलका ब्रेक लावावा. गाडीचे वजनच चाक सोडवते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. बेअरिंगचे सील, त्यातले ग्रीस आणि टायर, तिन्हींची वाट लागते.

एक शंका: बाजारातल्या अलॉयचे मधले भोक बहुधा मोठे असते आणि ते हबवर नेमके बसावे म्हणून आत एक रिंग घालतात. आपल्या चाकात ती आहे का?

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. चाक निघाले. रिंग आहे, ॲल्युमिनियमचीच, आणि ती हबवरच चिकटून राहिली आहे. तीही काढावी का? शिवाय एक नट बदलायचा आहे. उद्यमनगरात कोणताही १२ मिलिमीटरचा नट मागितला तर चालेल का?

प्रतिसाद २

रिंग काढाच. लाकडाचा ठोकळा टेकवून कडेकडेने हलके ठोके द्यावेत. डिस्कवर किंवा स्टडच्या टोकांवर हातोडी मारू नये. हब तारेच्या ब्रशने घासून उंचवट्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, स्टडच्या आट्यांना मात्र ग्रीस लावू नये.

नुसता ‘१२ चा नट’ मागू नका. मारुती सुझुकीच्या नटांचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधले अंतर, १.२५ मिलिमीटर असतो, तर ह्युंदाई आणि टोयोटाचा १.५. चुकीचा नट दोन आटे सहज फिरतो, मग अडतो, आणि पाना लावून रेटला की स्टडचे आटे गेलेच. अलॉयच्या भोकाशी नटाचा निमुळता भागही जुळला पाहिजे, म्हणून जुना नट सोबत नेणे उत्तम.

नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. नेमका टॉर्क (आवळण्याचा जोर) गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. अशा छोट्या गाड्यांना तो साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो. १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक फुटाच्या पान्याच्या टोकावर सुमारे ३३ किलो भार, तेव्हा पान्यावर उभे राहणे म्हणजे दुप्पट आवळणे झाले. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा पुन्हा तपासावेत. आणि उजवे चाकही याच आठवड्यात सोडवून पाहा, त्याची अवस्था वेगळी असण्याचे कारण नाही.