ओसीटी अँजिओग्राफी आली, म्हणून डाय हद्दपार करायची का?

धागालेखक: "शिरेतून डाय (रंगद्रव्य) टोचून दृष्टिपटलाची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) करणे आता कालबाह्य झाले आहे," हे विधान मधुमेहींच्या डोळ्यांविषयीच्या एका लेखात वाचले आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. ओसीटी अँजिओग्राफी ही डायशिवाय, प्रकाशाच्या साहाय्याने होणारी तपासणी एकाच जागेचे स्कॅन पाठोपाठ घेते आणि त्यांतील फरकावरून वाहते रक्त ओळखते. साहजिकच रक्तवाहिन्यांतून होणारी गळती तिला दिसत नाही, आणि ज्या मायक्रोअ‍ॅन्युरिझममध्ये (केशवाहिन्यांवरील बारीक फुगवट्यांमध्ये) रक्त फार संथ झाले आहे तेही निसटू शकतात. शिवाय नेहमीच्या 3 किंवा 6 मिलिमीटरच्या चौकोनाबाहेर काय चालले आहे, हे कोण पाहणार?

निशाचर: गळतीचे एवढे कौतुक कशासाठी? मूळ नुकसान केशवाहिन्या बंद पडण्याचे आहे, आणि वरचे व खोलचे जाळे वेगवेगळे दाखवून ते ओसीटीच अधिक स्पष्ट करते. माझ्या आईला डाय दिल्यावर उलट्या झाल्या, त्वचा पिवळी पडली आणि त्यानंतर तिने डोळ्यांची तपासणीच सोडून दिली. तुमची अचूक तपासणी तिच्या काय कामाची?

तिरकस: दोघेही यंत्रांवर भांडत आहात. इतके लवकर कळून करायचे काय, हे कोणीच विचारत नाही! प्रोटोकॉल डब्ल्यू या चाचणीत मधुमेही रुग्णांच्या डोळ्यात लवकर इंजेक्शने दिल्याने गुंतागुंत कमी झाली, पण चार वर्षांनंतरही दृष्टीत फरक पडला नाही.

निशाचर: उपचार म्हणजे फक्त इंजेक्शन, हे आपण कोठून आणले? डीसीसीटी या मधुमेहावरील मोठ्या चाचणीमध्ये (1993) टाइप 1 मधुमेहाच्या ज्या रुग्णांना सुरुवातीला रेटिनोपथी (मधुमेहाने होणारे दृष्टिपटलाचे नुकसान) नव्हती, त्यांच्यात साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने तिचा धोका 76 टक्क्यांनी घटला.

तिरकस: साखर आटोक्यात ठेवा हे सांगायला स्कॅन लागतो, हे ज्ञान नवीनच आहे. त्याच रुग्णाच्या लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन, म्हणजेच मूत्रपिंडाच्या नुकसानीची खूण, कोणी तपासले का? मूत्रपिंडाच्या केशवाहिन्यांचे रंगीत चित्र निघत नाही, म्हणून त्यांची आठवण कोणालाच होत नाही.

निशाचर: सल्ला कानावरून जातो, स्वतःच्या डोळ्यातील बंद पडलेले जाळे पाहिल्यावर माणूस हादरतो. अल्ब्युमिन तपासू नका, असे येथे कोण म्हणाले?

धागालेखक: माझा प्रश्न दोघांनीही सोयीस्करपणे बाजूला ठेवला. ज्याला वारंवार तपासायचे आहे त्याला दरवेळी डाय देऊ नये, एवढे आपल्या मातोश्रींखातर मान्य करतो. मात्र दृष्टिपटलाला सूज आहे आणि गळती नेमकी कोठून होते हे कळत नाही, तेव्हा डाय तुम्हीच मागवाल.