जीवनाचं ध्येय कागदावर नेमकं कसं उतरवायचं?

मांजराकाठ (लातूर जिल्हा)
वय २८. एमपीएससी सोडली. घरची ४ एकर सोयाबीन-तूर आणि संध्याकाळी गावातल्या दहावीच्या पोरांची गणिताची शिकवणी, असं चालू आहे. पुढं कशासाठी राबायचं ते एकदा लिहून काढायचंय. तीनदा बसलो, दरवेळी 'प्रामाणिकपणे समाजासाठी काहीतरी करीन' एवढंच उतरतं. सुरुवात कुठून करावी?

गोदाकाठ
दादा, वाक्यापासून सुरुवातच करू नका. एक वही घ्या आणि १४ दिवस रोज रात्री १० मिनिटं नोंद करा. तीन रकाने आखा: काय केलं, किती वेळ गेला, कुणाच्या उपयोगी पडलं. ज्या कामात घड्याळाकडं लक्ष गेलं नाही, त्यापुढं फुली मारा. एकच आठवडा पुरत नाही, कारण मधेच एखादं लग्न किंवा दुखणं निघतं आणि सगळी नोंद एका बाजूला झुकते.

पंधराव्या दिवशी फुलीच्या ओळींतली फक्त क्रियापदं बाजूला काढा: समजावणं, दुरुस्त करणं, हिशोब जुळवणं. तीनच ठेवा. तुमच्या वाक्यात 'करीन' आहे, पण काय ते नाही. म्हणून ते गावातल्या कुणालाही लागू पडतं.

आता वाक्य बांधा: कुणासाठी, काय, कशाच्या आधारे. २० शब्दांच्या आत. नमुना: 'गणिताची धास्ती घेतलेल्या गावातल्या पोरांना शेती-बाजाराच्या हिशोबातून गणित समजावणं.' विशेषणं घातली की वाक्य छान दिसतं, पण त्यावरून उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही.

रानवाट
अगदी बरोबर. माझी भर एवढीच, की वाक्यात पद घालू नका. 'अधिकारी होणं' निकालाच्या यादीवर ठरतं. यादीत नाव नाही आलं की पोरांना वाटतं आयुष्यच वाया गेलं. आपल्याकडच्या अभ्यासिकांत ही गफलत फार आहे आणि तिनं चांगली चांगली पोरं खचतात. स्वामी रामानंद तीर्थ आंबाजोगाईला शाळेत शिकवत होते, १९३८ साली ते हैदराबाद संस्थानातल्या सत्याग्रहात उतरले. काम बदललं, ज्यांच्यासाठी करायचं ती माणसं तीच राहिली.

वाक्य झालं की मागच्या वर्षातले ५ निर्णय त्यावर घासून बघा. समजा, शिकवणी लातुरात हलवली तर फी तिप्पट मिळते. 'गावातल्या पोरांना' लिहिलं असेल तर उत्तर 'नाही' यायला पाहिजे. पाचही वेळा 'हो' आलं तर वाक्य फारच सैल आहे, पुन्हा लिहा.

मांजराकाठ
फी सोडली तर घर कसं चालायचं?

गोदाकाठ
पोटापाण्याचं त्या वाक्यात कोंबू नका. खाली रेघ मारून वेगळं लिहा: घरखर्चाला महिन्याला किती लागतात, ते कुठून येणार आणि उरलेल्या वेळातले आठवड्याला किती तास ध्येयाचे. ५ तासही निघत नसतील तर वाक्य तसंच राहू द्या, आधी खर्चाचं बघा. आणि फेरतपासणी जूनमधे ठेवू नका, पेरणीच्या धांदलीत ती होत नाही. सोयाबीनची रास झाल्यावर, दिवाळीच्या आसपास बसा.

मांजराकाठ
घरच्यांची इच्छा कुठली आणि माझी कुठली, हे कसं ओळखायचं?

रानवाट
वहीतच सापडेल. 'केलं' कुठं लिहिलंय आणि 'करायला पाहिजे' कुठं, ते बघा. 'पाहिजे'च्या ओळींसमोर ते पहिल्यांदा कुणी म्हटलं त्याचं नाव लिहा. ज्या ओळीपुढं १४ दिवसांत एकही फुली नाही आणि नाव दुसऱ्याचं आहे, ती वाक्यात घेऊ नका.