जुन्या पिकअपच्या मीटरमागे सापडलेली दोन टर्मिनलांची डबी: हा भाग नेमका कोणता?

प्रश्न

माझ्याकडे १९६४ सालचा फोर्ड एफ-१०० पिकअप आहे. गाडीचे मूळ वायरिंग बव्हंशी शाबूत आहे. डॅशबोर्डाला आतून-बाहेरून नवा रंग दिल्यापासून एक विचित्र दोष दिसू लागला आहे. चावी फिरवली की पेट्रोलचा आणि तापमानाचा असे दोन्ही काटे हळूहळू वर चढतात आणि शेवटच्या खुणेच्याही पलीकडे जाऊन टेकतात. टाकी अर्धी असो वा इंजिन थंडगार असो, त्यात काहीही फरक पडत नाही.

मीटरचा संच बाहेर काढला, तेव्हा त्याच्या पाठीवर एका स्क्रूने बसवलेली, काडेपेटीहून लहान अशी पत्र्याची डबी दिसली. तिला दोन टर्मिनल आहेत. एकावर चावीकडून येणारी वायर आहे आणि दुसऱ्यावरून निघालेली वायर दोन्ही मीटरना जाते. डबीवरचा छाप पुसला गेला आहे. टेबलावर बॅटरी घेऊन एका टर्मिनलला पॉझिटिव्ह दिला आणि दुसऱ्याला टेस्ट लॅम्प जोडला, तर दिवा सलग पेटून राहिला. मात्र डबीचा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवताच काही क्षणांत दिवा उघडझाप करू लागला. हा भाग कोणता आहे आणि तो खराब झाला आहे का?

प्रतिसाद १

दोन टर्मिनल आणि उघडझाप करणारा दिवा या वर्णनावरून हा वळण दाखवणाऱ्या दिव्यांचा फ्लॅशर असावा, असे मला वाटते. जुन्या गाड्यांत वायरिंगची दुरुस्ती करताना भलताच भाग भलत्या ठिकाणी बसवलेला आढळणे नवीन नाही. सिग्नल दिल्यावर वळणाचे दिवे नीट लुकलुकतात का, हे आधी पाहावे.

प्रतिसाद २

वरील तर्क समजण्यासारखा असला, तरी प्रश्नकर्त्याने केलेल्या चाचणीतच त्याचे खंडन आहे. त्या काळातील दोन टर्मिनलांचा फ्लॅशर दिव्यांच्या वायरीत मधोमध बसतो आणि दिव्यांच्या प्रवाहानेच तापून चालू-बंद होतो. त्याच्या पत्र्याला अर्थिंगची, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणीची, गरजच नसते. येथे तर पत्रा निगेटिव्हला लागेपर्यंत उघडझाप सुरूच झाली नाही. त्यामुळे हा मीटरचा व्होल्टेज रेग्युलेटर आहे, यात मला शंका वाटत नाही. डायनॅमोचा रेग्युलेटर वेगळा; तो बॉनेटखाली असतो, आकाराने बराच मोठा असतो आणि बॅटरी चार्ज होण्यावर नियंत्रण ठेवतो. ही लहान डबी फक्त मीटरसाठी असते.

डबीच्या आत दोन धातूंची एकजीव केलेली पट्टी असते आणि तिच्याभोवती तापणारी बारीक तार गुंडाळलेली असते. या तारेचे एक टोक पट्टीला, तर दुसरे डबीच्या पत्र्याला जोडलेले असते. चावी चालू केली की पॉइंट (एकमेकांना टेकणारी धातूची टोके) जुळलेले असल्याने बॅटरीचा पूर्ण दाब (व्होल्टेज) मीटरकडे जातो आणि त्याच वेळी ही तारही तापू लागते. तापलेली पट्टी वाकते, पॉइंट सुटतात, तारेचा प्रवाह थांबतो, पट्टी निवते आणि पॉइंट पुन्हा जुळतात. ही क्रिया अखंड चालू राहते आणि मीटरला सरासरी सुमारे ५ व्होल्ट मिळतात. यातली खुबी अशी की चार्जिंगमुळे दाब १२ वरून १४ व्होल्टवर गेला, तर तार अधिक लवकर तापते, पॉइंट अधिक लवकर सुटतात आणि सरासरी जवळपास तेवढीच राहते. एकही इलेक्ट्रॉनिक घटक नसलेल्या एवढ्याशा डबीने हे काम इतकी वर्षे करावे, याचे मला आजही मनापासून कौतुक वाटते.

अशा तुटक पुरवठ्याने काटे थरथरत कसे नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे कारण असे की मीटरही याच तत्त्वावर चालतात. त्यांतील पट्टी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे एवढ्या झटपट बदलांची दखल काटा घेत नाही. तुमचे काटे हळूहळू चढतात, तेही याचमुळे.

आता दोषाविषयी. उघडझाप होते आहे, म्हणजे तुमची डबी काम करते आहे. डबीला अर्थिंग मिळाले नाही, तर तापणाऱ्या तारेतून प्रवाह जाऊच शकत नाही, पॉइंट कधीच सुटत नाहीत आणि मीटरना सलग १२ व्होल्ट मिळत राहतात. अर्थिंग नसताना टेबलावरचा दिवा सलग पेटला होता, तो यामुळेच. ज्या जागी मीटरचा संच डॅशबोर्डाला टेकतो, तेथे नव्या रंगाचा थर आडवा आला असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. मल्टिमीटरने डबीचा पत्रा आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातील रोध मोजा. तो शून्याच्या जवळ यायला हवा. तोवर चावी चालू ठेवू नका. पूर्ण दाब फार वेळ मिळाला, तर मीटरमधील तार जळते.

प्रतिसाद ३

वरील निदानाशी मी सहमत आहे. पुढेमागे डबी बदलण्याची वेळ आलीच, तर ७८०५ या आयसीवर आधारित पर्याय वापरता येतो. तो सलग ५ व्होल्ट देतो आणि त्यात पॉइंट नसल्याने झीज होत नाही. मात्र उरलेला दाब तो उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो, म्हणून त्याला उष्णता शोषणारी धातूची पट्टी लावावीच लागते. येथे इनपुट आणि आउटपुट उलट जोडले, तर आयसी निकामी होऊ शकते.

मीटर शाबूत आहेत का, हे पाहण्यासाठी टाकीवरच्या सेंडरची (पेट्रोलची पातळी मीटरला कळवणाऱ्या भागाची) वायर काढून तिच्यात आणि बॉडीत १० ओहमचा रेझिस्टर जोडावा. काटा ‘भरलेली’ या खुणेवर यायला हवा. ७३ ओहमचा जोडला, तर तो ‘रिकामी’वर यायला हवा. डबीचे अर्थिंग नीट झाल्यावरच ही चाचणी करावी.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डबीचा पत्रा आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात मल्टिमीटरने काहीच जोडणी दाखवली नाही. डॅशबोर्डाच्या आतल्या बाजूस, संचाचे स्क्रू बसतात तेथे, रंगाचा जाड थर होता. तो पॉलिश पेपरने घासून उघडा पत्रा काढला आणि खबरदारी म्हणून डबीच्या स्क्रूपासून बॉडीपर्यंत एक स्वतंत्र वायरही टाकली. आता पेट्रोलचा काटा मध्यावर स्थिर राहतो आणि थंड इंजिनावर तापमानाचा काटा तळाशीच असतो. काट्याच्या जुन्या मल्टिमीटरवर डबीच्या आउटपुटचे हेलकावेही स्पष्ट दिसले.

एक शंका उरली आहे. चावीकडून डबीकडे येणाऱ्या वायरीत तांब्याच्या तारेचे एक लहान वेटोळे आहे. ते कशासाठी?

प्रतिसाद २

तो रेडिओसाठीचा चोक आहे. पॉइंट सुटताना पडणाऱ्या ठिणगीमुळे रेडिओत खरखर येते, ती वायरीतून पुढे जाऊ नये म्हणून हे वेटोळे बसवलेले असते. तुमच्या गाडीत रेडिओ नसला, तरी ते काढू नका. डबीचा सारा पुरवठा त्यातूनच जातो. ते आतून तुटले, तर दोन्ही काटे एकदमच तळाशी बसतात आणि दोष डबीचा आहे, असे वाटून चांगली डबी बदलली जाते. त्याच्या दोन टोकांमधील रोध जवळजवळ शून्य असला, तर त्याला हात लावण्याचे कारण नाही.