फ्रीबीएसडी नव्याने टाकलंय, नेट आणि स्क्रीन दोन्ही रुसलेत. सल्ला हवा

वरणफळ:
नमस्कार मंडळी. माळ्यावर पडून असलेल्या थिंकपॅड एक्स२३० वर शनिवारी फ्रीबीएसडी १४.१ (लिनक्ससारखीच एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. लिनक्स बरीच वर्षं वापरतोय, म्हणून "त्यात काय एवढं" करत बसलो आणि अख्खा रविवार गेला. लॅनची वायर लावली आहे, पिंग ८.८.८.८ मस्त जातंय, पण पीकेजी (प्रोग्रामची पॅकेजं उतरवणारी कमांड) एकही पॅकेज उतरवत नाही, नाव सापडत नाही म्हणतं. वायफाय तर आयएफकॉन्फिगमध्ये (नेटवर्क कार्डांच्या यादीत) नावालाही नाही, फक्त ईएम० (वायरचं कार्ड) आणि एलओ० (मशीनचं स्वतःशीच बोलणारं आभासी कार्ड). कार्ड गेलं का? एक्सऑर्ग (ग्राफिकल स्क्रीन चालवणारा प्रोग्राम) अजून उतरलंच नाही, त्यामुळे स्क्रीनचं रडगाणं नंतर. (फोनवरून लिहितोय, कमांड उच्चाराप्रमाणे वाचा.)

तिरकीरेघ:
आकड्याला पिंग जातं आणि नावाला नाही, म्हणजे वायर, आयपी, गेटवे सगळं ठीक. घोडं डीएनएसवर (नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेवर) अडलंय. /इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडून बघा, रिकामी असणार. इन्स्टॉल करताना डीएचसीपीला (राउटरकडून आयपी आपोआप घेण्याला) "नाही" म्हणून आयपी हाताने भरला होतात का?

कार्ड गेलेलं नाही. आवृत्ती ११ पासून वायफायचं मूळ कार्ड आयएफकॉन्फिगमध्ये दिसतच नाही. लिनक्सवरून येणारा प्रत्येक जण इथे ठेच खातो, मीही खाल्ली. सिसकंट्रोल नेट.डब्ल्यूलॅन.डिव्हायसेस विचारा, आयडब्ल्यूएन० असं उत्तर आलं पाहिजे. त्याच्यावर डब्ल्यूलॅन० आपण उभं करायचं. आरसी.कॉन्फमध्ये (बूट होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) दोन ओळी: डब्ल्यूलॅन्स_आयडब्ल्यूएन०="डब्ल्यूलॅन०" आणि आयएफकॉन्फिग_डब्ल्यूलॅन०="डब्ल्यूपीए सिंकडीएचसीपी". वायफायचं नाव-पासवर्ड डब्ल्यूपीए_सप्लिकंट.कॉन्फमध्ये (वायफायला जोडून देणाऱ्या सप्लिकंट प्रोग्रामची फाइल). पण आधी वायर सरळ करा, वायफायला हात नंतर.

वरणफळ:
रिकामीच होती! राउटर बघून घेईल म्हणून डीएनएसचा रकाना सोडून दिला होता. ईएम० ला डीएचसीपी दिलं, हाताने लिहिलेली डीफॉल्टराउटरची ओळ उडवली, मशीन रिस्टार्ट केलं, पीकेजी धो धो उतरवतंय. आयडब्ल्यूएन० पण दिसलं. पण डब्ल्यूलॅन० उभं करूनही "नो कॅरियर". पासवर्ड तीनदा तपासला.

टर्मिनलकाकू:
पासवर्ड फोनच्या नोंदवहीतून कॉपी केलास का रे? फोन सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवतो आणि सप्लिकंटला ती कळत नाहीत. फाइलमध्ये हाताने टाइप कर.

आणि डीमेसेज (कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे संदेश) वाच. तिथे रेडिओ हार्डवेअर स्विचने बंद आहे, अशा अर्थाची ओळ असेल तर लॅपटॉपच्या कडेला बोटाने चाचपून बघ. त्या मॉडेलला वायरलेसची बारकी सरकपट्टी आहे.

ज्यांच्याकडे लॅनची वायरच नाही त्यांच्यासाठी: अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडा, टेदरिंग चालू करा, केएलडीलोड आयएफ_यूआरएनडीआयएस (फोनचं ड्रायव्हर मॉड्यूल चढवायला), मग डीएचक्लायंट यूई० (आयपी मागायला). माझ्या मुलीच्या मशीनवर पहिली पॅकेजं अशीच उतरवली.

वरणफळ:
काकू, दंडवत. पट्टी बंद होती. अवतरणचिन्हं पण वाकडी होती!

आता स्क्रीन. एक्सऑर्ग आणि डीआरएम-केमॉड (ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॅकेज) टाकलं, एका जुन्या गाइडमध्ये बघून त्यातलं इंटेलचं मॉड्यूल आय९१५केएमएस आरसी.कॉन्फच्या केएलडी_लिस्टमध्ये (बूटला चढवायच्या मॉड्यूलांची यादी) घातलं, शिवाय "एक्सऑर्ग वजा कॉन्फिगर" चालवून आलेली फाइल /इटीसी/एक्स११ मध्ये ठेवली. आता बूट होताना अक्षरं धावतात आणि मध्येच स्क्रीन काळी. पंखा फिरतोय, कीबोर्ड मेलेला. पुन्हा इन्स्टॉल करू का?

तिरकीरेघ:
अजिबात नको. बूट मेनूत २ दाबा, सिंगल यूजर (दुरुस्तीसाठीचं किमान बूट). शेल विचारेल तिथे नुसतं एंटर. तुमची डिस्क यूएफएस (फाइलसिस्टिमचा एक प्रकार) आणि एकच पार्टिशन असेल तर माउंट वजा यू / (डिस्क लिहिण्याजोगी करायला), मग सिसआरसी वजा एक्स केएलडी_लिस्ट (आरसी.कॉन्फमधली ती ओळ उडवायला), मग एक्झिट. काळ्या स्क्रीनवर येणार नाही.

कारण असं: तयार पॅकेजं त्या मालिकेतल्या सर्वांत जुन्या, पण अजून सपोर्टमध्ये असलेल्या आवृत्तीवर बांधतात. १४.१ आली तेव्हा, २०२४ मध्ये, ती १४.० होती. तुमचा कर्नल १४.१ चा. इतर पॅकेजांना फरक पडत नाही, पण डीआरएम थेट कर्नलमध्ये जाऊन बसतं, त्याला पडू शकतो. तेवढं एकच पोर्ट्समधून (सोर्सवरून पॅकेज बांधायचा संग्रह) स्वतः बांधा. /यूएसआर/एसआरसी मध्ये १४.१ चाच सोर्स हवा, इन्स्टॉलरमध्ये तो चौकोन निवडला नसेल तर आधी आणा. बांधायला वेळ लागेल, तोवर चहा घ्या.

आणि हे मात्र मनावर घ्या: मॉड्यूल आधी हाताने केएलडीलोड करून बघायचं. कन्सोलवरची जाडी अक्षरं एकदम बारीक झाली की समजायचं बसलं. मगच आरसी.कॉन्फ.

वरणफळ:
अक्षरं बारीक झाली!! पण स्टार्टएक्स (एक्सऑर्ग सुरू करणारी कमांड) म्हणतंय "नो स्क्रीन्स फाउंड".

टर्मिनलकाकू:
/व्हार/लॉग/एक्सऑर्ग.०.लॉग मध्ये कंसातल्या ईई (म्हणजे एरर) ओळी शोध. "इंटेल" मॉड्यूल मिळालं नाही असं असेल तर दोष त्या जुन्या गाइडच्या फाइलचा. तो ड्रायव्हर वेगळ्या पॅकेजमध्ये असतो आणि तुला लागतही नाही, मोडसेटिंग नावाचा ड्रायव्हर एक्सऑर्गबरोबरच येतो. फाइल उडव. हल्ली कोरी पाटीच बरी चालते. व्हिडिओ अडखळले तर स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घाल: पीडब्ल्यू ग्रुपमॉड व्हिडिओ वजा एम आणि तुझं यूजरनेम. मग लॉगआउट करून परत ये.

सांडगे:
मधेच घुसतो. ब्राउझरमध्ये मराठीच्या जागी चौकोन दिसतील, घाबरू नका. नोटो या मोफत फॉन्टसंचातला देवनागरी फॉन्ट टाका आणि एफसी-कॅश (फॉन्टची यादी ताजी करणारी कमांड) चालवा. काळ्या कन्सोलवर मात्र जोडाक्षरांची आशा सोडा.

वरणफळ:
हे त्याच मशीनवरून लिहितोय. स्क्रीन १३६६ बाय ७६८, जोडाक्षरं शाबूत, वायफाय चालू. आवाज येत नाहीये, पण त्याचा वेगळा धागा काढतो. काकू, तिकडेही या.