मदत हवी आहे: ‘ती’ म्हणजे कोण? मराठी वाक्यजोड्या

नमस्कार मंडळी. सोलापुरात एम.एस्सी. कॉम्प्युटर करतोय. वाक्यातला ‘तो’ किंवा ‘ती’ नेमकी कोण हे भाषेच्या मॉडेलला (मजकूर वाचून उत्तर देणाऱ्या संगणक प्रोग्रामला) कळतं का, असा प्रोजेक्ट घेतलाय. नमुना:

चादर पिशवीत मावेना, कारण ती फार मोठी होती.
चादर पिशवीत मावेना, कारण ती फार लहान होती.

पहिल्यात चादर, दुसऱ्यात पिशवी. चादर कोंबून भरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही (सोलापूरकराला तर नाहीच). व्याकरण मात्र इथं गप्प आहे.

मूळ कल्पना संगणकशास्त्रज्ञ टेरी विनोग्राड यांच्या १९७२ मधल्या वाक्याची: नगरसेवकांनी मोर्चेकऱ्यांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती. ‘भीती होती’च्या जागी ‘हौस होती’ घातलं की ‘त्यांना’ म्हणजे मोर्चेकरी. त्यावरून संगणकशास्त्रज्ञ हेक्टर लेवेक यांनी २०११ मध्ये मॉडेलांसाठी अशाच जोड्यांची चाचणी सुचवली. इंग्रजीत २०१९ पर्यंत मॉडेलांची बरोबर उत्तरं ९० टक्क्यांच्या घरात पोचली.

मराठीत माझं घोडं लिंगावर अडलंय. पिशवीऐवजी पेटारा घेतला, की ‘तो लहान होता’ म्हणताच उत्तर फुटतं. अक्कल लागतच नाही. दोन्ही नामं एकाच लिंगाची घेऊन जोड्या जमवतोय, पण त्या ओढूनताणून वाटतात. एक बरी जमलीय: आजीने नातीकडून कडक भाकरी चुरून घेतली, कारण तिच्या हातांत जोर नव्हता / होता.

अजून जोड्या सुचवाल का? शिवाय, तपासणाऱ्यांत घरी तेलुगू, कन्नड बोलणारे मित्रही आहेत. चालेल ना?

प्रतिसाद:
मित्र चालतील की! भाकरी सगळ्यांच्या घरची सारखीच कडक.

लिंगाचं म्हणाल तर ‘तो/ती’ सोडा, ‘त्याला, त्याच्या’ घ्या. तिथं पुल्लिंग-नपुंसकलिंग एकच दिसतं: मुलाने पिल्लाला उचलून घेतलं, कारण त्याच्या पायाला लागलं होतं / त्याला दया आली. अनेकवचनी ‘त्यांना’ तर तिन्ही लिंगांना चालतं.

आणि नावं उलटवून बघा. ‘सासूने सुनेला दवाखान्यात नेलं, कारण तिला ताप आला होता’ यात आजारी सून. ‘सुनेने सासूला’ केलं की उत्तरही उलटायला हवं. मॉडेल तरीही सुनेलाच आजारी ठरवत असेल, तर वाक्य त्याला कळलेलं नाही.